आधी कातडी, मग नखं



दिवाळी आणि तिच्यामागोमाग येणारी लग्नसराई हे पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींच्या धावपळीचे दिवस. मॅनिक्युअर, पेडिक्युअर पूर्वीपासून होतंच. आता साताऱ्या-कराडात, सांगली-मिरजेत, तासगाव, विटा, फलटणमध्येही मुली जेल पॉलिश आणि नेल एक्स्टेन्शन मागतात. हात बसला की या कामात कमाईही बरी होते. हे काम कसं करावं ते शिकवणारे पुष्कळ आहेत. ते कधी करू नये, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज मी त्यावर बोलणार आहे. समोरच्या बाईची कातडी दुखावलेली असेल, नखापाशी जखम असेल, तर "आज नको" म्हणता येणं हा आपल्या कारागिरीचाच भाग आहे, असं मी मनापासून मानते.

आधी नखाचं थोडं समजून घेऊ. नखाच्या मुळाशी कातडीची जी पातळ कड असते, तिला आपण क्युटिकल म्हणतो. खिडकीच्या काचेभोवती लांबी भरतात ना, पाणी आत जाऊ नये म्हणून, तेच काम ही कड करते. ती नखाला चिकटून असते तोवर पाणी, साबण, जंतू आत शिरत नाहीत. आपण निपरनं ती मुळापासून कापली, पुशरनं जोरात मागं लोटली, की जंतूंना वाट मोकळी होते. त्यातून होतं नखुरडं. बोट सुजतं, ठणकतं, कडेला पू धरतो. दिवसभर भांडी, धुणं, गोठा यांत ज्यांचे हात ओले असतात, त्यांची ही कड आधीच सैल झालेली असते. अशी बाई आली, कड लाल दिसली, दाबल्यावर दुखलं किंवा पाणी आलं, तर त्या बोटाला हत्यार लावायचं नाही. पू आपण काढायचा नाही. तो डॉक्टरांचा प्रांत आहे.

आता आपल्या भागातले हात बघा. तासगाव, पलूस, मिरज या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्टिंग करतात. त्या औषधात हायड्रोजन सायनामाइड असतं आणि ते कातडी जाळतं. हातमोजा फाटका निघाला किंवा घातलाच नाही, तर बोटांची टोकं लाल होतात, आग होते, पापुद्रे निघतात. ही कामं नेमकी दिवाळीच्या आगेमागे येतात. बागेत राबलेली एखादी मुलगी पाडव्याच्या तोंडावर पार्लरमध्ये येते आणि म्हणते, "ताई, नखं लावून द्या, हात फार खराब दिसतात." तिचं म्हणणं खरं असतं. पण त्या सोललेल्या बोटांवर ॲसिटोन लागलं, प्राइमर लागलं, जेलचा थेंब कातडीवर ओघळला, तर भाजल्यासारखं होईल. जेलमध्ये ॲक्रिलेट गटातली रसायनं असतात. धड कातडीपेक्षा फुटलेल्या कातडीतून ती सहज आत जातात आणि ॲलर्जी जडू शकते. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. दातात भरायच्या सिमेंटमध्ये, सांधा बदलताना वापरायच्या सिमेंटमध्ये याच कुटुंबातली रसायनं असतात. म्हणजे आजच्या हौसेची किंमत तिला पुढं दवाखान्यात मोजावी लागू शकते.

नवरीच्या हातांचंही तसंच. लवकर रंगावी म्हणून काळी मेंदी लावतात. त्यातल्या हेअर डायच्या रसायनानं काहींच्या हातावर फोड येतात. फोड आलेल्या हातावर, मग लग्न उद्यावर आलेलं का असेना, नखांचं काम करायचं नाही. तिला लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं.

पाटण, जावळीकडे आषाढात भातलावणी असते. दिवस दिवस पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, भिजते, सोलते. त्या चिखल्या. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णाकाठच्या कितीतरी लोकांचे पाय असेच झाले होते. असे पाय पेडिक्युअरच्या टबात घेऊ नका. तिचं दुखणं वाढेल, आणि तोच टब नीट धुतला गेला नाही तर पुढच्या बाईलाही ते लागेल. टाचांच्या भेगांतून रक्त येत असेल तरी हाच नियम. कोरड्या, वरवरच्या भेगा घासता येतात. रक्ताळलेल्या भेगेला आधी मलम आणि आराम हवा.

टबाचं एक उदाहरण साऱ्या जगाला माहीत आहे. 2000 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये पेडिक्युअर करून घेतलेल्या शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली. ती महिनोन् महिने बरी होईनात, काहींचे व्रण कायमचे राहिले. तपास केल्यावर जंतू सापडले ते टबात पाणी फिरवणाऱ्या यंत्राच्या जाळीमागं. तिथं केस आणि मेलेली कातडी साचली होती. यातून आणखी एक गोष्ट पुढं आली. ज्या बायकांनी पेडिक्युअरच्या आधी पायांवर वस्तरा फिरवला होता, त्यांना धोका जास्त होता. वस्तऱ्यानं कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात, हे त्याचं कारण. म्हणून पेडिक्युअरची वेळ देतानाच सांगा, "आदल्या दिवशी पायांचे केस काढू नका." काढून आली असेल, तर दुसरा दिवस द्या.

नखाचा रंगही बघायला शिकलं पाहिजे. सांगली हे हळदीचं गाव. हळद निवडणाऱ्या, दळणाऱ्या बायकांची नखं पिवळी असतात. तो रंग आहे, रोग नाही. हळदीचा डाग साबण लागला की तांबूस होतो हे आपल्या प्रत्येकीला कपडे धुताना कळलेलं असतं. तीच खूण इथंही बघा. शिवाय त्या बाईची सगळी नखं सारखीच पिवळी असतात, गुळगुळीत असतात. एखाददुसरंच नख पिवळं झालंय, जाड झालंय, कडेनं भुगा पडतोय, खालून सुटत चाललंय, तर बुरशीची शंका घ्यायला हवी. अशा नखावर एक्स्टेन्शन चढवलं की बुरशी त्याखाली झाकून जाते आणि आत वाढत राहते. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्षही. बुरशीवरचा उपचार म्हणूनच लांबतो. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगितलं तर ती घाई करत नाही.

काळी रेघ दिसली तर? आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या माणसांत नखावर बारीक काळपट रेघ पुष्कळांना असते आणि बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. घाबरवू नका. पण एकाच नखावर नव्यानं उमटलेली, दिवसेंदिवस रुंद होणारी, किंवा नखाच्या कडेच्या कातडीवरही पसरलेली रेघ पॉलिशखाली झाकायची नाही. जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 साली कर्करोग निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली जखम वाटली होती. 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले. निदान करणं आपलं काम नाही. पण नखं सगळ्यात जवळून, भिंग लावून बघणाऱ्या आपणच असतो. "ही रेघ एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा" एवढं एक वाक्य आपल्या तोंडून जायलाच हवं.

सगळ्यात जास्त जपायचं ते मधुमेहाच्या गिऱ्हाइकांना. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. बऱ्याच दिवसांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही, ब्लेड लागलं तरी समजत नाही. साधं खरचटलेलं पुढं चिघळतं आणि कधी कधी पाय गमावण्यापर्यंत मजल जाते. म्हणून मधुमेह असेल तर पायाचं कुरूप, घट्टे ब्लेडनं कापायचे नाहीत, आत वळलेलं नख खणायचं नाही. पायावर जखम असेल तर टबात पाय घालूच द्यायचा नाही. हातापायावर फिकट, बधिर चट्टा दिसला तरी गरम पाणी आणि वॅक्स टाळा, आणि शांतपणे सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगा. तो कुष्ठरोगाचा निघाला तरी त्यावरची औषधं तिथं मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

आता याची दुसरी बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची. आपण नकार देतो तो जखमेला. माणसाला नाही. कोड, म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, संसर्गजन्य नाहीत. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला होत नाही. कातडी फुटलेली नसेल तर अशा बाईचं काम आनंदानं करा. सोरायसिस असेल तर फक्त खरवडू नका, कापू नका, कारण इजा झालेल्या जागी तो उफाळतो. एचआयव्ही आहे म्हणून दारातून परत पाठवणं तर कायद्यालाही मान्य नसलेला भेदभाव आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा 2017 साली झाला, 2018 च्या सप्टेंबरपासून लागू आहे, आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या सेवा त्या कारणावरून नाकारायला त्यानं मनाई केली आहे. सांगलीत 'संग्राम' ही संस्था 1992 पासून याच भेदभावाविरुद्ध उभी आहे, हे आपल्या जिल्ह्याचं भूषण आहे. रक्तातून पसरणाऱ्या आजारांवर उपाय एकच. हत्यारं प्रत्येकीसाठी तितकीच स्वच्छ ठेवायची. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. निपर नुसता पुसून किंवा निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवून भागत नाही. तो आधी साबणानं घासायचा, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, निर्जंतुक करायचा. लाकडी काडी आणि कागदी फाइल एका गिऱ्हाइकापुरतीच.

नकार देताना मन कचरतं. हजार-पंधराशेचं काम दारातून परत जातं, शेजारच्या गल्लीत दुसरं पार्लर असतं. हे मी नाकारत नाही. पण हातावर पोट असणाऱ्या माणसांनी आपल्या हत्याराचा विवेक राखल्याची परंपरा आपल्याकडे आहे. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं. त्यांच्या सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं 1890 मध्ये मुंबईत नाभिकांनी एकत्र येऊन ठरवलं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. तो त्यांच्या रोजीरोटीचा भाग होता. तरी त्यांनी वस्तरा खाली ठेवला. तो लढा अन्यायाविरुद्धचा होता, आपला प्रसंग त्यामानानं लहान आहे. पण ज्या हातात हत्यार आहे त्या हातावर जबाबदारीही आहे, हे दोन्हीकडे तेवढंच खरं.

नकार द्यावा कसा? चारचौघींत मोठ्यानं नको. नाक मुरडून तर नकोच. बाजूला बसवून म्हणा, "काकी, या बोटात पाणी झालंय. मी आज हात लावला तर तुमचं दुखणं वाढेल. आधी डॉक्टरांना दाखवा. बरं झालं की या, मी तुमच्यासाठी वेळ राखून ठेवते." काही वेळा पूर्ण नकाराची गरजही नसते. एका बोटाला जखम असेल तर ते झाकून, बाकीच्या बोटांना साधं पॉलिश लावता येतं. आणि कुठं पाठवायचं तेही सांगा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. खेड्यापाड्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे.

स्वतःच्या हातांनाही हाच नियम लावा. रोज जेल हाताळणाऱ्या मुलींच्या बोटांच्या टोकांना खाज सुटते, चिरा पडतात, कधी पापण्या सुजतात. ही ॲलर्जीची सुरुवात असू शकते. लॅटेक्सचे हातमोजे यात उपयोगाचे नाहीत. नायट्रिलचे वापरा, आणि तेही वरचेवर बदला, कारण ही रसायनं त्यांतूनही थोड्या वेळात झिरपतात. तुमच्याच बोटाला उघडी जखम असेल, तर त्या दिवशी काम दुसरीकडे सोपवा.

पार्लरच्या मैत्रिणींनो, उद्यापासून एक वही घाला. काम सुरू करण्याआधी प्रत्येकीला विचारा: मधुमेह आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. उत्तरं लिहून ठेवा. मग उजेडात हात आणि पाय दोन्ही बाजूंनी बघा, आणि त्यानंतरच हत्यार उचला.

आणि ऐकणाऱ्या गिऱ्हाईक भगिनींनो, तुमच्या पार्लरवालीनं कधी "आज नको" म्हटलं, तर रागावून दुसऱ्या दारात जाऊ नका. जखम भरू द्या आणि पुन्हा तिच्याचकडे जा. ती तुमचं भलं बघणारी आहे.