पडद्यावरचा आकडा आणि मालकाचा खिसा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



विहीर खणायची असो, शेततळं करायचं असो की ओढ्यातला गाळ काढायचा असो, गावात यंत्र येतं ते 'पोकलेन'. पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. पण यंत्र कुठल्याही कंपनीचं असलं तरी पट्ट्यांवर चालणाऱ्या एक्स्कॅव्हेटरला आपण पोकलेनच म्हणतो. नवं यंत्र अनेकांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून गावाकडची तरुण मुलं कर्ज काढून जुनं घेतात. यंत्र उभं राहिलं तरी हप्ता उभा राहत नाही. अशी जुनी यंत्रं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. आज त्यांच्या इंजिनाच्या फॉल्ट कोडविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. संगणकावर चालणाऱ्या इंजिनांचं काम मी तेव्हा नुकतंच शिकलो होतो. एका मालकांचं जुनं यंत्र बकेट मातीत घातली की दबायचं. पडद्यावर कोड होता, रेलमधला डिझेलचा दाब कमी. मी लगेच सांगून टाकलं, "मालक, हाय प्रेशर पंप गेला." किंमत ऐकून ते गप्प झाले. दोन दिवसांनी घरातलं सोनं गहाण ठेवून पैसे घेऊन आले. पंप बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन, "मिस्त्री, तोच आकडा परत आलाय."

दोष सापडला तो टाकीपासून पहिल्या फिल्टरकडे येणाऱ्या रबरी नळीत. क्लिपखाली बारीक चीर होती. या भागात पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे चिरेतून थेंबही बाहेर पडत नव्हता; उलट हवा आत जात होती. हवा मिसळलेल्या डिझेलवर दाब कसा तयार होणार? नळी आणि क्लिप मिळून खर्च काही शे रुपये. जुना पंप चांगला होता. मी मजुरी घेतली नाही, पण त्यांचं सोनं सुटायला पुढचा हंगाम उजाडला.

तेव्हा मला उमगलं की कोड म्हणजे तक्रार असते. गावात चोरी झाली की जो आधी ओरडतो त्यालाच आपण चोर ठरवत नाही. इथंही तसंच. संगणकाला आकडा जिथं खटकला, ती जागा तो सांगतो. तो का खटकला, हे मिस्त्रीनं शोधायचं.

अनेक इंजिनांत हा कोड दोन आकड्यांत येतो. पहिला आकडा विषय सांगतो, त्याला एसपीएन म्हणतात. १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १५७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब. दुसरा आकडा तक्रारीचा प्रकार सांगतो, तो एफएमआय. ३ म्हणजे सेन्सरच्या तारेवर व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर कमी. १ म्हणजे मोजलेली गोष्टच धोकादायकरीत्या कमी. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात. अशा वेळी त्या यंत्राचं पुस्तक उघडावं.

हा दुसरा आकडा फार महत्त्वाचा. समजा, ११० आणि ४ असा कोड आला. इंजिन तापलंय असा याचा अर्थ नाही. तक्रार तारेची किंवा सेन्सरची आहे. इंजिन बंद करा, सेन्सरचा कनेक्टर काढा आणि नुसती चावी चालू करून पडदा पाहा. ४ जाऊन ३ आला, तर वायरिंग आणि संगणक ठीक, सेन्सर आतून शॉर्ट झालाय. ४ तसाच राहिला, तर तार कुठंतरी घासून लोखंडाला टेकली असण्याची शक्यता मोठी. जुन्या यंत्रात उंदीर, धूळ, पाण्याचा फवारा आणि दरवेळी चिकटपट्टी लावून केलेली तात्पुरती जोडणी, यांमुळे वायरिंगचेच दोष फार.

पण १०० आणि १ असा कोड आला, म्हणजे ऑइलचा दाब कमी, तर यंत्र त्याच क्षणी बंद करा. "सेन्सर खराब असेल, चालू दे," असं म्हणून काम रेटणाऱ्यांची इंजिनं जाम झालेली मी पाहिली आहेत. आधी ऑइलची पातळी पाहा, मग सेन्सरच्या जागी साधा दाबमापक लावून खरा दाब मोजा.

डिझेलच्या कोडला सुरुवात टाकीपासून करावी. टाकीची जाळी, पाणी वेगळं करणारं भांडं, फिल्टर, नळ्या, क्लिपा, वायसर. टाकीकडून येणाऱ्या नळीत पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पंप आणि इंजेक्टर सगळ्यात शेवटी. एक मात्र कधीही करू नका: इंजिन चालू असताना हाय प्रेशरची नळी सैल करू नका. तिथं हजार बारच्याही वर दाब असतो. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. अशी जखम दिसायला टाचणीएवढी, पण तातडीनं शस्त्रक्रिया न केल्यास हात गमवावा लागू शकतो.

जुनं यंत्र घेणाऱ्यांना दोन शब्द. यंत्र पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. चावी फिरवल्यावर इशाऱ्याचे दिवे एकदा लागून विझतात का ते पाहा; न लागणारा दिवा मुद्दाम काढलेला असू शकतो. साठवलेले कोड पाहा. यादी अगदी कोरी असेल तर हुरळून जाऊ नका, कोड पुसता येतात. तासभर भरल्या बकेटनं काम करून घ्या आणि मग यादी पुन्हा उघडा. यंत्रावर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि संगणकाचे कनेक्टर काढायला लावा.

आणि मिस्त्रीनं महागडा भाग बदलायला सांगितला, तर एवढंच विचारा, "हे तुम्ही कशावरून ठरवलंत? काय मोजलंत?" चांगला मिस्त्री या प्रश्नानं रागावत नाही. त्या मालकांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि हा प्रश्न विचारला नाही. विचारला असता, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.