फोटो काढला, आता लावायचा कुठं?

भाकरी थापत असाल तर थापत राहा, फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा.

आज फोटोंबद्दल बोलायचं आहे. फोटो कसा काढायचा हे सांगत नाही. ते तुमची शाळेतली पोरं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. माझा प्रश्न पुढचा आहे. काढलेल्या फोटोचं करायचं काय? दाखवायचा कुणाला आणि लावायचा कुठं?

आपल्या घरातली भिंत आठवा. वर एका ओळीत चौकटी, दोरीवर जरा पुढं झुकलेल्या. पहिले देव, मग सासरे किंवा आजेसासरे, हार घातलेले. मग लग्नाचा एक फोटो. आणि एक मोठी चौकट, जिच्यात पंधरा-वीस लहान फोटो दाटीवाटीनं कोंबलेले. आमच्या घरी तशी चौकट आहे. तिच्यात एका मामांचं अर्धंच तोंड दिसतं, कारण त्यांच्यावर नंतर कुणाचं तरी बारसं चिकटवलं.

मी सासूबाईंचा एक फोटो काढला होता. जात्याजवळ बसून हसतानाचा. छान मोठा करून आणला आणि भिंतीला खिळा ठोकायला लागले, तर आत्या म्हणाल्या, "अगं, मी काय मेले का मला भितीला टांगायला?" मी हातोडी खाली ठेवली. आपल्याकडं बाईचा एकटीचा मोठा फोटो भिंतीवर जातो तो बहुतेक ती गेल्यावरच. हार बघायला ती नसते. तो फोटो मी कपाटाच्या दाराला आतून लावला. आत्या रोज साडी काढायला दार उघडतात आणि बघतात. कुणाला सांगत नाहीत, पण बघतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटानं आठ मार्चला फोटो लावायचे ठरवले. गटातल्या अकरा जणींनी महिनाभर मोबाईलवर आपल्या कामाचे फोटो काढले. खुरपणी, शेण काढणं, गोधडी, पाणी, रेशनची रांग. फोटो जमले तीनशेच्या वर. कुणाचा वगळायचा? सगळ्यांचंच मन राखायचं म्हणून आम्ही जवळजवळ दीडशे फोटो छापून आणले आणि समाजमंदिरात सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगले. बाया आल्या, आपापला चेहरा शोधला, "ही बघ मी" म्हणाल्या आणि चहाकडं वळल्या. दहा मिनिटांत मंडप रिकामा. पैसे गेले ते गेलेच.

मग प्रशिक्षणाला गेलो, तिथं ताईंनी चीनमधल्या बायकांची गोष्ट सांगितली. तिथं युनान नावाचा प्रांत आहे, डोंगराळ. १९९२ साली तिथल्या खेड्यांतल्या ६२ बायकांच्या हातात कॅमेरे दिले. शेतात राबणाऱ्या बायका, आपल्यासारख्याच. त्यांनी आपलं रोजचं जगणं टिपलं. एका फोटोत आई शेतात निंदते आहे आणि तान्हं बाळ तिथंच एकटं पडलेलं आहे. पण मला पटलं ते पुढचं. कुठला फोटो दाखवायचा हे त्या बायकांनी स्वतः निवडलं. फोटो समोर ठेवून बोलल्या, की इथं काय चाललंय, हे असं का आहे. आणि ते फोटो नेऊन ठेवले अधिकाऱ्यांसमोर, ज्यांच्या हातात काही करणं होतं त्यांच्यासमोर. १९९५ साली त्यातल्या शंभर फोटोंचं पुस्तक निघालं. इतक्या बायकांनी काढलेल्या ढिगातून शंभर!

आम्ही परत आलो आणि पुढच्या वर्षी चोवीसच फोटो लावले. निवडताना भांडणं झाली, खोटं कशाला सांगू. मग एक रीत काढली. सगळे फोटो सतरंजीवर पसरायचे. ज्या फोटोबद्दल काढणारीला दोन वाक्यं सांगता येतात, तो ठेवायचा. "छान आलाय" एवढंच सांगता आलं तर तो घरी न्यायचा. सारखे दिसणारे दोन फोटो असतील तर एकच घ्यायचा. राहिलेले पहाटेपासून रात्रीपर्यंत क्रमानं लावले. पहिल्या फोटोत अंधारात पेटलेली चूल, शेवटच्यात झाकून ठेवलेलं एक ताट, ती बाई स्वतः जेवायची राहिलेली. त्या ताटापाशी बायका थांबत होत्या. पुरुषही थांबले. फोटो डोळ्यांच्या उंचीवर लावले होते. आधीच्या वर्षी माना वर करून बघावे लागत होते, हेही एक कारण असेल.

आता माझ्या चुकीचं सांगते.

त्या चोवीसात माझा सगळ्यात आवडता फोटो शेजारच्या काकूंचा होता. विहिरीवर वाकलेल्या, कठडा पडलेला, एक पाय दगडावर, डोक्यावरचा पदर खाली आलेला, पोलक्याची बाही फाटलेली. सगळ्यांनी वाहवा केली. काकू आल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. संध्याकाळी दारात आल्या. म्हणाल्या, "माझा धड एक फोटो नव्हता व्हय गं तुझ्याजवळ? पावणं आलं हुतं आज गावात."

मी त्यांना विचारलंच नव्हतं. फोटो काढताना त्या हसल्या होत्या, तेवढ्यावर मी चालले. पण काढू देणं वेगळं आणि गावासमोर टांगू देणं वेगळं. रात्रीच जाऊन तो फोटो उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी इरकल नेसली, म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता काढ." तो फोटो त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. म्हैसही टेचात उभी आहे.

विहिरीचा फोटो मात्र त्यांनी फाडला नव्हता. ग्रामसभेच्या आधी आपली महिला सभा असते ना, तिथं विहिरीच्या कठड्याचा विषय निघाला तेव्हा काकूंनीच पिशवीतून तो फोटो काढला. फाटक्या बाहीसकट टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "बघा, कुठं पाय ठेवते मी." ठरावात कठड्याचं काम लिहिलं गेलं. कठडा बांधायला पुढचा उन्हाळा उजाडला, तेही तीनदा आठवण करून. मी नंतर विचारलं, तेव्हा लाजला होता, मग सभेत कसा दाखवला? तर म्हणाल्या, "तिथं त्याचं काम हुतं. मंडपात काय काम हुतं?"

तेव्हापासून आम्ही दोनदा विचारतो. काढताना एकदा आणि लावताना एकदा, कुठं लावणार ते सांगून. मोबाईलच्या स्टेटसलाही हेच. स्टेटस चोवीस तासांनी जातं, पण कुणीतरी तेवढ्यात उतरवून घेतं आणि तो फोटो भलत्या गटात फिरतो. सुनेचा, पोरीचा फोटो टाकताना तिला विचारा. ती लहान असली तरी विचारा.

थोडं छपाईचं. फोटो स्टुडिओत नेताना व्हॉट्सअॅपवर साधा पाठवू नका, तो बारीक होतो आणि मोठा छापला की फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरात लावायचा तर उन्हाची तिरीप येते त्या भिंतीला लावू नका, रंग उडतो. ओल येणाऱ्या भिंतीलाही नको. आणि चौकटीत फोटो काचेला चिकटून बसवू नका, मध्ये पुठ्ठ्याची कड घालायला सांगा. पावसाळ्यात काचेला चिकटलेला फोटो सोडवताना चेहराच निघून येतो. आमच्या त्या मामांच्या उरलेल्या अर्ध्या तोंडाचं तेच होणार आहे, मला दिसतंय.

यंदाच्या फोटोंसाठी सतरंजी परवा पसरायची आहे. आत्यांनी काल कपाट उघडलं आणि विचारलं, "हा न्यायचा नाही व्हय तुमच्या मंडपात?" मी म्हटलं, तुम्ही सांगाल तर नेते. त्यावर म्हणाल्या, "दोन वाक्यं मीच सांगीन."