सुगंध सोबतीला, उपचार प्रथम



रुग्णांच्या मनःशांतीसाठी पुष्पतेलांची मिश्रणे वापरावीत, अशी सूचना आमच्याकडे आली आहे. तीविषयी आमची भूमिका मांडतो.

‘अरोमाथेरपी’ हे नाव फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांच्या १९३७ च्या ग्रंथामुळे रूढ झाले. वऱ्हाडाला मात्र हा सुगंध परका नाही. आपल्याकडील तिखाडी गवताच्या फुलोऱ्यापासून ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या तेलात जिरॅनिऑल विपुल असते. गुलाबतेलातही तेच द्रव्य आढळते. म्हणूनच एकेकाळी हे तेल मुंबईमार्गे कॉन्स्टॅन्टिनोपलला जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई.

मंद सुगंधाने धास्तावलेल्या मनाला विसावा मिळू शकतो. रोग बरा होत नाही. शुद्ध तेल त्वचेला दाहक असते, पोटात गेल्यास अपायकारक ठरते आणि दम्याच्या रुग्णाची धाप वाढवू शकते. म्हणून सामायिक कक्षात व नवजात बालकांजवळ त्याचा वापर होणार नाही. इतरत्र डॉक्टरांची अनुमती व रुग्णाची इच्छा असेल तरच, तीळतेलाच्या शंभर थेंबांत एक-दोन थेंब या प्रमाणात ते वापरता येईल. त्याची आकारणी देयकात होणार नाही.

नांदगाव पेठ परिसरातील गरीब रुग्णासाठी आलेल्या देणगीचा पहिला रुपया औषध व प्राणवायूवरच खर्ची पडावा, ही आमची धारणा आहे.