बियांची केळी : मकिलिंगच्या जंगलातील दोन दिवस

(रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



परदेशात शिकून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडं एकरी उतारा काय निघतो?" आताच चहाच्या वेळी एका आबांनी मला तोच विचारला. उताऱ्याचे आकडे पुस्तकात मिळतात, ते मी त्यांना नंतर देईन. आज मला तुम्हाला तिकडच्या शेतात न्यायचे नाही, जंगलात न्यायचे आहे. कारण केळीविषयी मला जे समजले त्यातले बरेचसे तिथे समजले, आणि त्याचा आपल्या रावेर-यावलच्या बागांशी थेट संबंध आहे.

२०१४ साली मी पदव्युत्तर शिक्षणासाठी फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे होतो. मनिलापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरचे हे गाव. तेथे १९०९ साली कृषि महाविद्यालय निघाले, त्याचेच पुढे विद्यापीठ झाले. १९६० साली शेजारीच आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. साक्री-नवापूरकडच्या जुन्या भात उत्पादकांनी आयआर-८ चे नाव ऐकले असेल. तो १९६६ साली याच संस्थेने दिला. विद्यापीठाच्या अगदी पाठीशी मकिलिंग नावाचा डोंगर आहे. जुना ज्वालामुखी, उंची सुमारे १०९० मीटर, म्हणजे आपल्या तोरणमाळपेक्षा किंचित ठेंगणा. त्यावरचे सव्वाचार हजार हेक्टरांचे जंगल विद्यापीठाच्या ताब्यात आहे. तेथील विद्यार्थ्यांना ते प्रयोगशाळेसारखेच वापरायला मिळते.

आमच्या वनस्पती प्रजननाच्या प्राध्यापकांनी एका शुक्रवारी फळ्यावर फक्त एवढेच लिहिले : शनिवार, सकाळी सहा, लांब मोजे आणणे. मोज्यांचे कारण डोंगर चढू लागल्यावर कळले. तिथे पाऊस वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर, आपल्या तिप्पट म्हणा. जमीन सदा ओली, आणि पाल्यापाचोळ्यात दोऱ्याएवढ्या बारीक जळवा. विजार मोज्यात खोचून आम्ही दहा-बारा जण चाललो होतो. व्हिएतनामचे, बांगलादेशचे, आफ्रिकेतले, आणि खानदेशचा मी एकटा. शिदोरीत केळीच्या पानात बांधलेला भात होता. एवढी एक गोष्ट मला घरच्यासारखी वाटली.

दीड-दोन तास चढल्यावर एके ठिकाणी मोठा वृक्ष पडून आभाळ उघडे झाले होते. त्या उजेडात केळीच केळी उगवलेली. जंगलातली केळी दाट सावलीत वाढत नाही. झाड पडले, दरड घसरली, ओढ्याचा काठ मोकळा झाला की तिथे ती आधी येते. बुडाशी वीतभर कुजलेला पाला, चहू बाजूंनी झाडांची भिंत, त्यामुळे वारा नाही. पाने बहुतेक सबंध होती. आपण हेच पीक पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, उघड्या काळ्या रानात घेतो. बागेभोवती शेवरीचे किंवा गिन्नी गवताचे कुंपण लावा, आच्छादन करा, असे आम्ही सांगतो तेव्हा काहींना ती कागदावरची शिफारस वाटते. केळीचे माहेर पाहिल्यावर तसे वाटत नाही.

आमच्या वाटाड्याने एक घड उतरवला. घड म्हणजे काय, पाच-सहा फण्या, आणि फळ बोटाएवढे. तिथे रानकेळीच्या एका जातीला बुतुहान म्हणतात. बुतो म्हणजे बी, बुतुहान म्हणजे बियांची. सोलून पाहिले तर गर नावालाच, आत भेंडीच्या बीएवढ्या काळ्या, दगडासारख्या बिया. मी एका फळातल्या मोजल्या, साठाच्या वर भरल्या. माणसाच्या दाताचे ते काम नाही. वटवाघळे, उदमांजरे गर खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. फुलांवर परागीकरणही मुख्यत्वे वटवाघळेच करतात.

नंतर सरांनी आम्हाला त्या उघडिपीतली झाडे एकेक करून नोंदवायला लावली. पानाचा रंग, खोडावरचे डाग, कमळाचा आकार, करप्याचे ठिपके. दुपारपर्यंत आम्ही चाळीस झाडे नोंदवली आणि दोन झाडे सारखी निघाली नाहीत. एकाच्या पानावर करपा भरलेला, तर त्याला खेटून उभ्या असलेल्या दुसऱ्याचे पान स्वच्छ. पाऊस तोच, जमीन तीच. फरक बियाण्याचा. प्रत्येक झाड वेगळ्या बीपासून आलेले, म्हणून प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

आता आपल्या बागेकडे या. रावेरपासून चोपड्यापर्यंत आणि पुढे शिरपूरपर्यंत जी केळी उभी आहे, तिला बी नाही. जंगलातल्या केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, आपल्या केळीत तीन. त्यामुळे तिच्यात बी धरत नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसाने अशी बिनबियांची झाडे निवडली आणि मुनवे लावून वाढवली. खाण्याची सोय झाली, पण मुनवा म्हणजे आईची नक्कल. टिश्यूचे रोप म्हणजे त्याच नकलेची प्रयोगशाळेतली लाखोंची आवृत्ती. पूर्वीची आपली बसराई, नंतरची श्रीमंती, आजची ग्रँड नैन, ही सगळी कॅव्हेंडिश या एकाच कुळातली. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण जी बुरशी ग्रँड नैनच्या एका झाडाला मारू शकते, ती सगळ्यांनाच मारू शकते, हेही त्याच्याबरोबर लक्षात ठेवावे लागते.

ही भीती कल्पनेतली नाही. मध्य अमेरिकेत पूर्वी निर्यातीची केळी म्हणजे ग्रो मिशेल ही एकच जात होती. मर रोगाच्या बुरशीने तिचे मळेच्या मळे संपवले आणि १९६० च्या सुमारास कंपन्यांना ती सोडून कॅव्हेंडिशवर यावे लागले, कारण कॅव्हेंडिश त्या बुरशीला दाद देत नव्हती. मग त्याच बुरशीचा नवा प्रकार आला, टीआर-४. तो कॅव्हेंडिशलाही मारतो. तैवान, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया, २०१९ मध्ये कोलंबिया, असा त्याचा प्रवास आहे. भारतात बिहार व उत्तर प्रदेशातील नोंदी २०१९ साली प्रसिद्ध झाल्या. सुरत आणि बऱ्हाणपूर भागातही तो आढळल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. बऱ्हाणपूर इथून किती लांब, हे मी रावेरच्या माणसाला सांगायला नको.

रविवारी आम्ही भात संशोधन संस्थेची जनुकपेढी पाहिली. तिथे ऐकलेली एक हकीकत सांगतो. १९७० च्या सुमारास आशियात भाताला खुरटवणारा एक विषाणू रोग पसरला. प्रतिकारक वाण शोधण्यासाठी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यात कामाचा निघाला एकच, एक रानटी भात, आणि तो गोळा केला होता आपल्या उत्तर प्रदेशातून. दिसायला गवत, दाणा झडणारा, कोणी शेतात ठेवणार नाही असा. त्याचा प्रतिकारगुण संकरातून पुढच्या वाणांत उतरवला गेला. १९७६ चा आयआर-३६ हा त्यांपैकीच एक, आणि तो पुढे आशियात कोट्यवधी एकरांवर गेला.

केळीतही तेच घडते आहे, फक्त वेळ जास्त लागतो, कारण बिनबियांच्या झाडाचा संकर करणे फार अवघड. ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञांनी रानकेळीच्या एका उपजातीतून टीआर-४ ला प्रतिकार करणारे जनुक काढून कॅव्हेंडिशमध्ये घातले. त्या जनुक-सुधारित वाणाला तिथल्या शासनाने २०२४ साली लागवडीची परवानगी दिली. तैवानने वेगळा मार्ग धरला. रोगट जमिनीत टिश्यूची असंख्य रोपे लावून त्यातली टिकलेली निवडली. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडे हे तैवानी वाण लावले जातात. ते पूर्ण प्रतिकारक नाहीत, तग धरतात इतकेच. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात काम चालू आहे. पण आज रावेरच्या शेतकऱ्याने ग्रँड नैन काढून लावावा असा, बाजारात चालणारा आणि पूर्ण प्रतिकारक वाण माझ्याकडे सांगण्यासारखा नाही. कोणी विकायला आला तर दोनदा चौकशी करा.

"मग जंगल आपल्या काय कामाचं?" असे कोणी म्हणेल. आपल्या सातपुड्यातही पावसाळ्यात कड्याकपारींत एक रानकेळ उगवते. बुडाशी फुगलेले खोड, मुनवे नाहीत, बियांपासूनच येते आणि उन्हाळ्यात कंद सोडून सगळे वाळून जाते. ती आपल्या केळीची आई नव्हे, चुलत घराण्यातली. तिचा संकर आपल्या केळीशी सहज होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. तरी दगडात, चार महिन्यांच्या पावसावर जगणारे केळीच्या घराण्यातले झाड जिथे आहे, ते रान राखून ठेवणे शहाणपणाचे. त्या उत्तर प्रदेशातल्या भाताची किंमत तरी आधी कोणाला कळली होती? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने हे करून दाखवले. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळून सुमारे अकराशे एकर जंगल उभे केले आणि २००४ पासून तिथे वनभाजी महोत्सव भरतो. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परदेशी अभ्यासदौऱ्याला नावे देणाऱ्या आपल्या मंडळींनी आधी एक शनिवार-रविवार बारीपाड्याला जावे, असे माझे मत आहे. खर्चही कमी येईल.

आता बागेतले. मरची बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि झाड मेल्यावरही जमिनीत कित्येक वर्षे राहते. फवारणीने ती जात नाही. ती चालत नाही, आपणच तिला नेतो. मुनव्यांबरोबर, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटलेल्या चिखलात, कापणीच्या टोळीच्या कोयत्यावर, पाटाच्या पाण्यात. म्हणून बाहेरगावचे मुनवे आणू नका, पाहुण्याचे असले तरी. टिश्यूची रोपे प्रमाणित प्रयोगशाळेचीच घ्या आणि पावती जपून ठेवा. हरण्या रोगाच्या दृष्टीनेही ते आवश्यक आहे. दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा बऱ्हाणपूरकडून गाडी आली तर माल बांधावर भरा, गाडी बागेत घेऊ नका. टोळीच्या कोयत्यांची माती बागेत शिरण्यापूर्वी घासून धुवा आणि मग जंतुनाशकात बुडवा.

ओळखायचे कसे? खालची जुनी पाने कडेपासून पिवळी पडतात, देठाशी मोडून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात. खोड बुडाशी उभे चिरते. आडवे कापले तर आत तांबूस-तपकिरी रेषा किंवा कडी दिसतात. कंदकुजीत घाण वास येतो, यात सहसा येत नाही. करप्यात पानावर ठिपके असतात, इथे नसतात. असे झाड दिसले तर उपटून बांधावर किंवा नाल्यात टाकू नका. त्याच्याभोवती दोरी बांधा, तिथले पाणी बंद करा, तिथे कोणाला फिरू देऊ नका. पालच्या कृषि विज्ञान केंद्राला किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला कळवा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत थांबा. नमुना स्वतः पिशवीत घालून एसटीने घेऊन निघू नका. तपासायला खोड कापलेला कोयता त्याच जागी धुवायचा, आणि त्याच जागी पायातली चप्पलही.