वेदनाशामक औषध सोडताना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर लगेच औषधाचा विषय काहींस विजोड वाटेल. परंतु कंबर व गुडघे यांच्या दुखण्याने गांजलेली वडीलधारी माणसे आपल्यांत पुष्कळ, आणि आम्हीही त्यांतलेच. कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड वर्ष आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीने ट्रामाडॉल घेत होतो. हे औषध अफूच्या कुळातले. २०१८ साली भारत सरकारने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणिले.

शरीरास औषधाची सवय जडणे निराळे आणि व्यसन निराळे. चिठ्ठीबरहुकूम गोळी घेणाऱ्यासही सवय जडते. औषधाचा दाब मेंदूवर सतत राहिला म्हणजे मेंदू आपला जोर वाढवून तो दाब तोलून धरतो. दाब एकाएकी काढला की तो वाढीव जोर मोकळा सुटतो. मग जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, घाम, जुलाब, पायांची तळमळ व निद्रानाश. लौकर ओसरणाऱ्या औषधांत हा त्रास शेवटच्या मात्रेनंतर ८ ते २४ तासांत सुरू होऊन ४ ते १० दिवस टिकतो. अशा वेळी ‘मन घट्ट करा’ असा उपदेश करणारे पाहुणे फार भेटतात. जुलाब मनाच्या घट्टपणाने थांबत नाहीत!

उपाय एकच, सावकाश उतरणे, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीने. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२२ सालच्या मार्गदर्शनानुसार वर्षाहून अधिक काळ औषध घेतलेल्यांस दरमहा १० टक्के किंवा त्याहूनही मंद घट अधिक सोसते. हे गणित फळ्यावर सोपे. ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल हाती असता अवघड. म्हणून आमच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बदलून मधोमध रेघ असलेली साधी गोळी दिली. (दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी मात्र कदापि मोडू अथवा चुरडू नये.) दिवसाच्या २०० मिलिग्रॅमवरून दरमहा २५ ची एकेक पायरी आम्ही उतरलो. वरच्या पायऱ्या हलक्या गेल्या. पुढे ५० वरून २५ वर येणे म्हणजे निम्मी घट; ती फार जड गेली. तेथे डॉक्टरांनी आम्हांस आणखी एक महिना थांबविले. थांबण्यात कमीपणा नाही.

त्या रात्री पाय अंथरुणावर ठरत नसत. मंडळी उठून ऊन पाण्यात पाय बुडवावयास लावीत व मीठ घालून तांदळाची पेज देत. आम्ही ओसरीवर येरझारा घालीत असू. किती वाजता काय झाले हे वहीत टिपून ठेविले होते. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर त्रास ओसरतो हे त्या टिपणांवरूनच दिसले, आणि पुढील पायरीस धीर आला. घाम व अस्वस्थता फार झाल्यास क्लोनिडीनसारखे औषध डॉक्टर देऊ शकतात. त्याने रक्तदाब उतरतो, सबब ते आपल्या मनाने घेऊ नये.

दोन धोके अगत्याने सांगतो. या औषधाबरोबर मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावतो. तसेच मात्रा उतरल्यावर दुखणे उसळले म्हणून जुनी मात्रा एकदम घेतल्यास जीवावर बेतते, कारण ती सोसण्याची शरीराची शक्ती मधल्या काळात गेलेली असते.

लोक व्यसनी म्हणतील या भयाने काही जण डॉक्टरांना न सांगताच गोळी बंद करितात आणि एकटेच तळमळतात. त्यांच्यासाठी १४४४६ हा सरकारचा निःशुल्क दूरध्वनी आहे. आमची वही कोणास पाहावयाची असल्यास सभा संपल्यावर आम्ही दाराजवळच्या बाकावर बसलेले असू.