पाहुणचाराचा हिशेब

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



परदेशी जाऊन आलं की 'तिथली माणसं फार अगत्यशील' असं आपण सांगतो. माणसं म्हणतो खरं, पण चूल पेटवणारी, अंथरूण घालणारी, पाणी तापवून देणारी बहुतेक वेळा बाईच असते. मग अगत्य हा तिचा स्वभाव म्हणायचा की तिचं काम? आज हे बोलायचं कारण, आपल्यातले काही गट पर्यटकांना घरी उतरवण्याचा, म्हणजे 'होमस्टे'चा विचार करत आहेत.

नेपाळमध्ये पोखऱ्याला मी एका प्रशिक्षणाला गेले होते. मधल्या दोन दिवसांच्या सुट्टीत आम्ही चौघीजणी घान्द्रुकला गेलो. अन्नपूर्णेच्या कुशीतलं, सुमारे २००० मीटर उंचीवरचं हे गुरुंग समाजाचं गाव. दगडी पायऱ्या चढता चढता गुडघे बोलायला लागले. दोन्ही बाजूंना डोंगरउतारावर नाचणीची शेतं, आपल्या सह्याद्रीसारखीच. पहाटे अन्नपूर्णा दक्षिण आणि माशाच्या शेपटीसारखं माछापुछ्रे समोर उभं राहिलं, तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो.

उतरलो होतो त्या घरच्या दिदींनी ढिंडो वाढलं. ढिंडो म्हणजे पिठाची घट्ट उकड. सोबत गुंद्रुक, आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं कालवण. आम्ही झोपलो तेव्हा त्या भांडी घासत होत्या, उठलो तेव्हा चुलीपाशी होत्या. चुलीतून पाण्याची नळी फिरवलेली होती. स्वयंपाक होता होता आंघोळीचं पाणी तापायचं. लाकूड वाचतं, म्हणजे बाईच्या डोक्यावरचा भाराही हलका होतो.

अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्पाचं काम १९८६ साली याच गावातून सुरू झालं. तिथल्या बायकांचे गट, 'आमा समूह', पाहुण्यांसमोर नाचगाणी करून निधी जमवतात. त्यातून पायवाटा दुरुस्त झाल्या, स्वच्छता झाली, दारू-जुगाराविरुद्ध मोहिमा निघाल्या. स्याङ्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी गावात १९९७ पासून घरगुती मुक्कामाची सोय आहे. तिथे आलेले पाहुणे गावाची समिती पाळीपाळीने घरांना वाटून देते. कुणी गिऱ्हाईक पळवायचं नाही, भाव पाडायचे नाहीत. एरवी घरातच मुरून जाणारं काम असं चारचौघांत मोजलं जातं. ही मोठीच गोष्ट आहे.

पण मी दिदींना विचारलं, "घर कुणाच्या नावावर?" त्या हसल्या. म्हणाल्या, "बूढाको." म्हणजे नवऱ्याच्या.

नेपाळमध्ये २००२ च्या कायदादुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला, पण लग्न झालं की तो वाटा परत करायचा, अशी अट होती. २०१५ च्या संविधानाने मुलगा-मुलगी भेद काढून टाकला. जमीन बाईच्या नावे नोंदवली तर नोंदणी शुल्कात सवलतही मिळते. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतका वाटा दिला. देशभर तो २००५ साली आला. कायदे दोन्हीकडे झाले. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर आपल्यातल्या किती जणींचं नाव आहे? जरा हात वर करा बघू.

पाहुण्याने दिलेला पैसा घरात येतो, त्यातून खोली वाढते, संडास बांधला जातो. घराची किंमत वाढते आणि ती मालकाच्या नावावर वाढते. उद्या तिला घराबाहेर काढलं, तर तिने इतकी वर्षं केलेल्या कष्टांचा कागद कुठे आहे?

म्हणून गटाने होमस्टेचा ठराव करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. दर कोण ठरवणार? पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार? घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव कधी लागणार? आणि चौथी, जी आपण नेहमी विसरतो: घरात आजारपण असेल, पाळीत कंबर मोडली असेल किंवा नुसताच कंटाळा आला असेल, तर 'आज पाहुणा नको' असं तिला म्हणता येणार का?

नाही म्हणायची सोय असेल तरच 'या, बसा' हे शब्द तिचे स्वतःचे असतील. या चारही प्रश्नांवर आपापल्या गटात बोला आणि पुढच्या बैठकीला उत्तरं लिहून आणा.