पहिली पाच मिनिटे कोणाची?

(कामगार कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत प्रथमोपचार हा विषय असलाच तर शेवटच्या पानावर असतो. वेतन, महागाई भत्ता, बोनस, कायमपणा यांवर तासन्तास खल होतो. मग चहा येतो आणि ‘सुरक्षा व इतर सोयी’ हे कलम एका ओळीत उरकले जाते. पूर्वी असे नव्हते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन तयार केले, त्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्याबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, अशीही मागणी होती. कामगाराच्या देहाची झीज आणि हानी ही उत्पादनखर्चातच धरली पाहिजे, हे तत्त्व अर्थशास्त्राची पुस्तके न वाचलेल्या त्या माणसांनी मांडले होते.

आजचा प्रश्न त्याच तत्त्वाचा आहे. फरक इतकाच की येथे निर्णय काही मिनिटांत लागतो. यंत्राजवळ उभा असलेला कामगार एकाएकी कोसळतो. हाक मारली तरी ओ देत नाही. कधी घोरल्यासारखा, अडखळता श्वास येतो, आणि भोवतालचे लोक ‘श्वास चालू आहे’ असे म्हणून निर्धास्त होतात. तो श्वास खरा नसतो. हृदयक्रिया बंद पडल्याचेच ते लक्षण असते. हृदयविकाराचा झटका ही निराळी गोष्ट आहे. त्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो, रोगी बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते असे सांगतो, घामाघूम होतो. हृदयक्रिया अकस्मात बंद पडते तेव्हा बहुधा हृदयाची विद्युत्‌लय बिघडलेली असते. ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते आणि मेंदूला रक्त पोहोचत नाही. झटक्यातून हे ओढवू शकते, तसेच विजेच्या धक्क्यानेही ओढवते. मदत न मिळाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा-बारा मिनिटांनंतर दारात आलेल्या रुग्णवाहिकेला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे आणि ती मोलाची आहे. परंतु औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या गल्लीत ती पाच मिनिटांत पोहोचेल असे गृहीत धरणे हा स्वतःची फसवणूक करण्याचा प्रकार होय. ती पहिली पाच मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचीच असतात.

या मिनिटांत करावयाचे काम एका कामगार-प्रश्नातूनच जन्माला आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२० च्या दशकात अमेरिकेत विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन धक्क्याने मरण पावत होते. वीज कंपन्यांना त्याची चिंता वाटू लागली व त्यांनी संशोधनाला पैसा पुरवला. (ही चिंता माणुसकीची किती आणि भरपाईच्या खर्चाची किती, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही.) जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कौवेनहोव्हन हे या कामात पडले. ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. थरथरणाऱ्या हृदयाला बाहेरून विजेचाच धक्का देऊन लय पूर्ववत करण्याचे यंत्र तयार करताना त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या ध्यानात आले की, यंत्राची जड पाती छातीवर दाबली की प्रयोगातील कुत्र्याचा रक्तदाब वाढतो. त्या निरीक्षणातून, शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्या साथीने, छाती न उघडता हृदय दाबण्याची रीत निघाली. १९६० साली ती प्रसिद्ध झाली. तोवर थांबलेले हृदय चालविण्यासाठी छाती कापावी लागे. आता दोन हात पुरेसे ठरले. वैद्यकातील एखादे तंत्र इतक्या सहजपणे तज्ज्ञांच्या हातून सामान्यांच्या हाती आल्याची उदाहरणे थोडी आहेत.

रीत साधी आहे. एकाने १०८ ला दूरध्वनी करावा. दुसऱ्याने पडलेल्यास पाठीवर, कठीण जमिनीवर निजवून छातीच्या मध्यभागी एकावर एक तळहात ठेवावेत व कोपर न वाकवता ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यावा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी आणि दोनेक मिनिटांनी माणूस बदलावा, कारण हे काम दमवणारे आहे. बुडालेल्यास वा गुदमरलेल्यास तोंडाने श्वासही द्यावा लागतो. विजेचा धक्का असेल तर आधी प्रवाह तोडावा; टाकीत वा गटारात वायूने कोणी पडला असेल तर साधनांशिवाय आत उतरू नये. वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसरा त्याच खड्ड्यात मेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. आपल्याकडे मात्र अशा वेळी गर्दी होते, तोंडात पाणी घातले जाते, कांदा हुंगवला जातो, तळवे चोळले जातात. यात अज्ञान आहे, पण त्याबद्दल कामगारांना हसण्याचा अधिकार ज्यांनी त्यांना शिकवले नाही त्यांना नाही.

शिकवल्याने काय होते, याचा सर्वांत बोलका पुरावा आला तो अमेरिकेतील जुगारगृहांतून. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील साध्या सुरक्षारक्षकांना छातीदाब आणि विद्युत्‌धक्क्याचे स्वयंचलित यंत्र, म्हणजे एईडी, वापरण्याचे शिक्षण दिले होते. हृदय थरथरत असलेल्या १०५ रुग्णांपैकी ५६ जण वाचून घरी गेले. कोसळताना कोणी पाहिले होते आणि तीन मिनिटांत धक्का दिला गेला, अशांत हे प्रमाण ७४ टक्के होते. तीन मिनिटांनंतर ते ४९ टक्क्यांवर आले. जेथे पैशावर डोळ्यांत तेल घालून पहारा असतो, तेथे माणूस पडलेलाही लगेच दिसतो. कारखान्यात यंत्र थांबले की क्षणात कळते. गोदामाच्या कोपऱ्यात हमाल पडला तर केव्हा कळते?

कायद्याने हा विषय अगदीच सोडून दिला होता असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचारपेटी, तिच्यावर प्रमाणपत्रधारक आणि कामाच्या वेळात सदैव हजर असणारा माणूस, आणि ५०० हून अधिक कामगार असतील तेथे रुग्णवाहिका-कक्ष बंधनकारक होता. १९५६ च्या वीज नियमांनी धक्का बसलेल्यास शुद्धीवर आणण्याच्या सूचनांचा तक्ता लावणे सक्तीचे केले. तो तक्ता स्विचबोर्डाच्या वर, धुळीने माखलेला, सर्वांनी पाहिलेला आहे. वाचलेला किती जणांनी, हा प्रश्न वेगळा. पेटी असते, पण तिची किल्ली मुकादमाकडे आणि मुकादम दिवसपाळीत. प्रमाणपत्रधारक एकच आणि पाळ्या तीन.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने जुन्या अधिनियमाची जागा घेतली. ‘पुरेशा’ पेट्या असाव्यात एवढे ती म्हणते. ५०० ची मर्यादा कायम आहे. पेट्यांची संख्या आणि प्रशिक्षित माणसाची अट मात्र मूळ कायद्यातून जाऊन सरकारी नियमांच्या हवाली झाली. ‘पुरेसे’ हा शब्द मालकाला नेहमीच पुरतो. शिवाय दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागा साधारणतः संहितेच्या बाहेरच राहतात, आणि देशातील बहुसंख्य श्रमिक तशाच जागांत राबतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार अपघातात मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. कारखान्यात सहकाऱ्याची छाती दाबणाऱ्यास ते कलम लागू पडत नाही.

मृत्यूनंतरचा हिशेब तर आणखी कठोर आहे. हृदय बंद पडून कामावर मरण आले तर कामाचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध वारसांनी सिद्ध करावा, अशी न्यायालयांची अपेक्षा असते. हा पुरावा विधवेने आणायचा कोठून? पाळीची नोंदवही, जादा तासांचा हिशेब, वैद्यकीय तपासणीची कागदपत्रे, सारे मालकाच्या कपाटात. म्हणून भरपाईइतकाच भर वाचवण्यावर दिला पाहिजे, आणि तो स्वस्तही आहे. छातीदाब शिकायला अर्धा दिवस पुरतो. यंत्र महाग आहे, पण चार-पाच छोट्या कारखान्यांत मिळून एक घेता येते. औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्रात दुसरे ठेवता येते.

पुढच्या करारात ज्या गोष्टी लिहून घ्यायच्या त्या ढोबळ असू नयेत. प्रत्येक पाळीत निदान दोन प्रशिक्षित कामगार, त्यांत कंत्राटी आणि स्त्री कामगारही. प्रशिक्षण पगारी वेळेत, आणि दरवर्षी पुन्हा, कारण हे कौशल्य काही महिन्यांतच विसरते. पुतळ्यावर प्रत्यक्ष हात चालवल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. पेटीला कुलूप नाही. यंत्र घेतले असेल तर त्याची बॅटरी आणि छातीला लावायच्या चिकटपट्ट्या यांच्या मुदती संपतात. त्या तपासण्याचे काम सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधीकडे असावे व त्याची सही दरमहा सूचनाफलकावर लागावी.